टाके सुटले, तरी टाच का दुखते?

झाशीला माझे एक आतेभाऊ राहतात. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. बॅडमिंटन खेळताना मागे सरकून उडी घ्यायला गेले आणि पोटरीच्या खाली कुणी मागून सणसणीत लाथ घातली असं त्यांना वाटलं. वळून पाहिलं तर मागे कुणीच नव्हतं. टाचेमागची नस तुटली होती. ऑपरेशन झालं, टाके सुटले, पायातला जाडजूड बूट निघाला आणि चौथ्या महिन्यात त्यांचा फोन आला.

"अगं, डॉक्टर म्हणतात छान जोडलंय. सोनोग्राफीतही जोडलेलं दिसतंय. मग सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली पावलं टाकताना जीव का जातो? बरं, नंतर लक्ष्मी दरवाजातून तालापर्यंत सपाटीवरून मी आरामात चालत जातो. पण देवळाच्या पायऱ्या आल्या की परत कळ!"

झाशीच्या पूर्वेला, तटबंदीबाहेर हा लक्ष्मी ताल म्हणजे तलाव आहे. काठाजवळ महालक्ष्मीचं देऊळ, जवळच गंगाधरराव नेवाळकरांची छत्री. नोव्हेंबर १८५३ मध्ये ते वारले, त्यानंतर राणी लक्ष्मीबाईंनी ती बांधवून घेतली. नेवाळकरांच्या काळापासून झाशीत राहिलेल्या मराठी घरांना हा परिसर अगदी ओळखीचा. बऱ्या होत असलेल्या पायाला अशी जागा फार उपयोगाची असते, कारण सपाट वाट आणि पायऱ्या दोन्ही हाताशी असतात आणि पाय कुठवर आलाय हे तिथे कळतं.

दादांच्या तक्रारीत तीन वेगळे प्रश्न आहेत. जोडलं गेलंय तरी का दुखतं? सकाळीच जास्त का दुखतं? आणि सपाटीवर नाही, पण पायरीवर का? तिन्हींची उत्तरं मिळाली की ऑपरेशननंतरच्या वर्षभरात काय करायचं आणि काय टाळायचं, हे बरंचसं आपोआप उलगडतं.

पीळ दिलेलं चऱ्हाट

आपण तिला नस म्हणतो, पण तिच्यातून रक्त वाहत नाही आणि ती मेंदूचे निरोपही नेत नाही. स्नायू हाडाला बांधणारा हा एक चिवट पट्टा आहे. डॉक्टर त्याला कंडरा म्हणतात. पोटरीत दोन मोठे स्नायू असतात, एक वरचा फुगीर आणि त्याच्याखाली एक चपटा. दोघांची टोकं एकत्र येऊन ही कंडरा बनते आणि टाचेच्या हाडाला मागून चिकटते. लांबी साधारण १५ सेंटिमीटर. शरीरातली ही सर्वांत जाड आणि सर्वांत ताकदवान कंडरा, कारण तिचं कामच तसं आहे. चवड्यावर उभं राहायचं तर सगळा देह तिच्यावर उचलला जातो. धावताना तिच्यावर येणारा ताण शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पटींपर्यंत जातो.

आतून ती चऱ्हाटासारखी असते. कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे बारीक धागे, धाग्यांचे पेड, पेडांच्या जुड्या. खाली टाचेकडे जाताना या सगळ्याला जवळजवळ पाव फेऱ्याचा पीळ बसतो. चऱ्हाट वळताना एक गोष्ट गावाकडच्या माणसाला सांगावी लागत नाही: पेड ताणात धरले तरच पीळ घट्ट बसतो. ढिले सोडले तर दोर होतो, पण फुसका आणि लांबट. आणि नुकताच वळलेला दोर कुणी हिसडला, तर तो उसवतो. ऑपरेशननंतरच्या वर्षभराचं सगळं शास्त्र या दोन टोकांच्या मध्ये आहे.

तुटण्याची नेहमीची जागा टाचेच्या हाडापासून दोन ते सहा सेंटिमीटर वर असते. तिथे रक्तपुरवठा सगळ्यात तोकडा. वयाच्या तिशी-चाळिशीत, आठवडाभर खुर्चीत बसून रविवारी जोरात खेळणाऱ्यांत ही दुखापत जास्त दिसते. झाशी हे हॉकीचं गाव. मेजर ध्यानचंदांचं हे गाव, आणि २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये भारताकडून खेळलेला तुषार खांडकर इथलाच. अशा गावात जुनी हौस उतारवयातही मैदानावर ओढते, त्यात नवल नाही.

एक कारण मात्र लोकांना ठाऊक नसतं. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातली प्रतिजैविकं कंडरा कमकुवत करू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये या गोळ्यांवर त्याबद्दलचा ठळक इशारा छापायला लावला. साठीच्या पुढच्यांना आणि स्टिरॉइड घेणाऱ्यांना धोका अधिक. आपल्याकडे जुलाब झाले की औषधाच्या दुकानातून याच गोळ्या सहज आणल्या जातात. एकदा कंडरेचं ऑपरेशन झालेल्या माणसाने तरी हे लक्षात ठेवावं आणि दुसऱ्या कुठल्या आजारासाठी गेल्यावर डॉक्टरांना आधी सांगावं.

शरीर इथे घाई करत नाही

टाके म्हणजे दोन तुटकी टोकं समोरासमोर धरून ठेवणं. जोडण्याचं काम शरीराने करायचं असतं, ते तीन टप्प्यांत होतं. पहिले काही दिवस सूज आणि साफसफाई. मग पाच-सहा आठवडे भराभर भराव: मधल्या फटीत नवं कोलॅजेन ओतलं जातं, पण ते हलक्या जातीचं आणि अस्ताव्यस्त, कुठला धागा कुठे जाईल याचा नेम नाही. तिसरा टप्पा सहाव्या आठवड्याच्या सुमाराला सुरू होतो. त्यात हे धागे हळूहळू ताणाच्या दिशेने रांगेत येतात आणि हलक्या कोलॅजेनची जागा पक्कं कोलॅजेन घेतं. हा टप्पा वर्षभर चालतो, कधी त्याहून जास्त. सोनोग्राफीत 'जोडलंय' असं दिसतं तेव्हा बहुतेकदा हा टप्पा नुकताच सुरू झालेला असतो.

इतका वेळ का लागावा, याचं एक विलक्षण उत्तर डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दिलं. १९५५ ते १९६३ या काळात मोठ्या देशांनी उघड्यावर अणुबॉम्बच्या चाचण्या केल्या, त्यामुळे हवेतल्या किरणोत्सारी कार्बनचं प्रमाण जवळजवळ दुप्पट झालं आणि नंतर ते उतरत गेलं. तो कार्बन अन्नातून त्या काळच्या प्रत्येक माणसाच्या शरीरात शिरला. शरीराचा जो भाग एकदा घडून पुढे बदलत नाही, त्याच्यात तो घडला तेव्हाचं प्रमाण कायमचं नोंदलं गेलं. संशोधकांनी वेगवेगळ्या साली जन्मलेल्या माणसांच्या टाचेच्या कंडरेचा गाभा तपासला. त्यातला कार्बन त्यांच्या वयाच्या पहिल्या सतरा वर्षांतलाच निघाला. म्हणजे मिसरूड फुटेपर्यंत जी कंडरा घडली, तिच्या गाभ्यात पुढे आयुष्यभर जवळजवळ काहीच नवं घातलं जात नाही. स्नायू, त्वचा, हाड सतत नवी होत असतात, ही मात्र नाही. अशा अवयवाला पन्नाशीत अचानक आपला मधला तुकडा नव्याने वळायला सांगितलं, तर वेळ लागणारच. आणि जो तुकडा तयार होतो तो मूळ गाभ्यासारखा हुबेहूब नसतो. तो जाड राहतो, थोडा राठ राहतो. हाताला लागणारा टाचेवरचा फुगवटा बऱ्याच जणांना कायमचा राहतो. ती सूज उतरायची राहिली आहे असं समजून कुणी वर्षानुवर्षं तेल चोळत बसू नये.

ताणणं नको

पाय आखडलाय म्हणून घरातली वडीलधारी मंडळी सांगतात, "जरा ताण दे, मोकळा होईल." बाकी बऱ्याच दुखण्यांत हा सल्ला चालून जातो. इथे पहिल्या तीन महिन्यांत तो घातक ठरू शकतो.

त्याचं कारण असं. नवा जोड मऊ असतो आणि ओढला की लांबतो. काही मिलिमीटर लांबणं जवळजवळ ठरलेलं असतं, पण कधीकधी ते सेंटिमीटरभर किंवा जास्तही होतं. कंडरा लांबली की पोटरीचा स्नायू आखूड होऊन बसतो. तो आकसला तरी त्याची अर्धी मेहनत सैल दोर गोळा करण्यात जाते, टाच पूर्ण वर उचललीच जात नाही. चाल लंगडी राहते, चढावर पाय थकतो, पोटरी बारीक ती बारीकच. आणि अशी लांबलेली कंडरा व्यायामाने परत आखूड होत नाही. म्हणून सुरुवातीला पाऊल खाली झुकवून ठेवतात. बुटात टाचेखाली पाचरी घालतात आणि सर्जनच्या हिशेबाने दर काही दिवसांनी एकेक काढतात. जमिनीवर पाय सपाट टेकण्याची घाई रुग्णालाच असते. ती आवरावी.

आपल्या घरांत खरा धोका उकिडवं बसण्यात आहे. भारतीय पद्धतीचं शौचकूप, देवघरासमोर वाकून बसणं, विळीवर भाजी चिरणं, नळाखाली बादली भरणं. या प्रत्येक वेळी घोटा पुढच्या बाजूला जितका वाकू शकतो तितका वाकतो आणि कंडरेला पूर्ण ओढ बसते. पाश्चात्त्य पुस्तिकांत याचा उल्लेख सहसा नसतो, कारण तिथे उकिडवं बसण्याची फारशी पद्धत नाही. कमोडची किंवा खुर्चीवजा आसनाची सोय ऑपरेशनच्या आधीच करून ठेवावी. मांडी घालून बसणं त्या मानाने बरं, पण जमिनीवरून उठताना दुखऱ्या पायाच्या चवड्यावर भार जातो, म्हणून हाताला आधार हवा.

सकाळ आणि पायरी

रात्रभर पांघरुणाखाली पाऊल खाली झुकलेलं असतं. तितके तास कंडरा आणि तिच्याभोवतीचे पापुद्रे आखूड स्थितीत पडून असतात, हालचाल नसल्याने तिथे थोडं पाणीही साठतं. पहिलं पाऊल टाकताच त्या सगळ्याला एकदम ओढ बसते. दहा-वीस पावलांनी ऊती सैलावतात, पाणी पसरतं आणि दुखणं उतरतं. पलंगावरच पाऊल सावकाश वर-खाली हलवून, बोटांनी हवेत गोल काढून मग उतरलं तर पहिला झटका कमी होतो. थंडीत हे जास्त जाणवतं, आणि झाशीची जानेवारीतली सकाळ चांगलीच बोचरी असते.

पायऱ्यांचं गणित वेगळं. सपाटीवर घोटा थोडाच वाकतो. पायरी उतरताना वरच्या पायरीवर राहिलेल्या पायाचा घोटा बराच वाकतो आणि त्याच वेळी पोटरीने सगळं वजन सावकाश खाली सोडायचं असतं. म्हणजे ताणलेल्या अवस्थेत भार, नव्या जोडासाठी सगळ्यात अवघड काम. म्हणून फिजिओ सांगतात: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. त्यामुळे दोन्ही वेळा जड काम चांगल्या पायाकडे जातं. पोटरीत ताकद आली की हा नियम सुटतो.

दुखण्याच्या जाती

ऑपरेशननंतर जे दुखतं ते सगळं एकच आहे असं मानणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक आहे असं मला वाटतं. प्रत्येक जातीवर उपाय निराळा असतो.

पहिली जात भाराची. चालल्यावर, चढल्यावर, व्यायामानंतर कंडरेतच दुखतं, बोट ठेवून जागा दाखवता येते. जोड कामाला लागल्याचं हे लक्षण आहे आणि त्याचं मोजमाप कसं करायचं ते पुढे येतंच.

दुसरी जात त्वचेखालच्या मज्जातंतूची. टाचेच्या कंडरेला लागूनच, बाहेरच्या अंगाने, पावलाच्या बाहेरच्या कडेची संवेदना नेणारा एक बारीक तंतू जातो. दुखापतीत किंवा ऑपरेशनमध्ये तो दुखावला जाऊ शकतो. मग पावलाची बाहेरची कड बधिर होते, मुंग्या येतात, भाजल्यासारखं होतं, चादर लागली तरी नकोसं वाटतं. नॉर्वेमध्ये पाचशेहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ही तक्रार मोठा छेद घेतलेल्यांत २.८ टक्के, छोट्या छेदातून टाके घातलेल्यांत ५.२ टक्के आणि ऑपरेशनच न केलेल्यांत ०.६ टक्के आढळली. त्याच अभ्यासात कंडरा पुन्हा तुटण्याचं प्रमाण ऑपरेशन न केलेल्यांत ६.२ टक्के आणि ऑपरेशन केलेल्यांत ०.६ टक्के निघालं. वर्षाअखेर चालण्या-वावरण्यात मात्र तिन्ही गटांत फरक नव्हता. अशा मज्जातंतूच्या दुखण्यावर पोटरीचे व्यायाम वाढवून उपयोग नसतो आणि साध्या वेदनाशामकांचाही फारसा नसतो. त्यासाठी वेगळी औषधं आहेत. शिवाय मऊ कापड, मग खरखरीत कापड अशा क्रमाने रोज त्वचेला स्पर्शाची पुन्हा सवय लावणं हा साधा उपचार बऱ्याच जणांना लागू पडतो.

तिसरी जात शेजाऱ्यांची. लंगडत चालल्याने दुसरा गुडघा, कंबर, दुसऱ्या पायाचा तळवा बोलू लागतो.

चौथी जात समजावून सांगायला अवघड. जखम भरत असताना तुटलेल्या जागी वेदनेचे नवे तंतू शिरतात. दुरुस्तीला त्यांची मदत होते आणि काम झालं की एरवी ते माघारी जातात. काही जणांत ते रेंगाळतात. शिवाय आठवडेच्या आठवडे वेदनेचे निरोप ऐकून मज्जारज्जू आणि मेंदूही हळवे होतात, छोट्या ओढीलाही मोठं दुखणं म्हणून नोंदवू लागतात. वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तिच्यातही हे मान्य केलं आहे की प्रत्यक्ष इजा नसतानाही इजा झाल्यासारखा अनुभव येऊ शकतो. असं दुखणं खोटं किंवा मनाचं नसतं. अपुरी झोप, पुन्हा तुटेल ही धास्ती, घरात अडकून पडणं यांनी ते वाढतं आणि धीराने थोडी थोडी हालचाल वाढवली की उतरतं. घरच्यांनी "आता काय दुखतंय, जोडलंय ना?" असं म्हणण्याआधी एवढं समजून घ्यावं, ही माझी कळकळीची विनंती आहे.

चौकट : थांबू नका, डॉक्टरांना गाठा

• पुन्हा 'फट्' असा आवाज किंवा लाथ बसल्याची जाणीव आणि चवड्यावर जोर देता न येणं. पहिल्या तीन महिन्यांत हा धोका सर्वाधिक.
• पोटरी सुजणं, गरम आणि घट्ट होणं, दाबल्यावर दुखणं. पाय बांधून ठेवल्याने शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. त्यातच दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट तातडीच्या विभागात.
• जखमेतून पाणी किंवा पू, वाढती लाली, ताप.
• दुखापतीच्या मानाने अतोनात आग, त्याबरोबर पावलाचा रंग बदलणं, घाम, चकाकणारी त्वचा. सीआरपीएस नावाच्या विकारात असं होतं. लवकर ओळखला तर उपचारांना यश जास्त.

दुसऱ्या दिवशीची सकाळ काय सांगते?

आता भाराच्या दुखण्याकडे परत येऊ, कारण बहुतेकांचा मुक्काम तिथेच असतो. इथे माणसं दोन टोकांना जातात. दुखलं की झोपून राहणारे एका टोकाला, दात-ओठ खाऊन रेटणारे दुसऱ्या. दोघांचंही नुकसान होतं.

कंडरेच्या पेशींना ओढ कळते. ओढ बसली की त्या नवं कोलॅजेन बनवू लागतात. पण व्यायामानंतर पहिले २४ ते ३६ तास बांधणीपेक्षा मोडणी जास्त चाललेली असते. जमेची बाजू त्यानंतर दिसते, आणि नवं बनवण्याचं काम तीनेक दिवसांपर्यंत चालू राहतं. म्हणून जड व्यायाम रोज केला तर कंडरा सतत मोडणीतच राहते, आणि अजिबात केला नाही तर पेड ढिले राहून दोर फुसका होतो. एक दिवसाआड जड व्यायाम आणि मधल्या दिवशी हलकं चालणं, हा क्रम त्यातूनच आला.

किती दुखणं चालेल? स्वीडनमधल्या फिजिओथेरपिस्ट संशोधकांनी २००७ मध्ये न तुटलेल्या, पण दुखऱ्या कंडरेसाठी एक सोपं माप वापरून दाखवलं. शून्य ते दहाच्या पट्टीवर व्यायाम करताना पाचपर्यंत दुखलं तर चालेल, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते उतरलं पाहिजे, आणि आठवड्यागणिक दुखणं आणि आखडणं वाढता कामा नये. ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यांत फिजिओ ही मर्यादा दोन-तीनवरच ठेवतात, पण न्यायाधीश तोच: दुसऱ्या दिवशीची सकाळ. काल तालाला एक फेरी जास्त झाली आणि आज पहिली पावलं नेहमीसारखीच गेली, तर भार पचला. आज दहाऐवजी शंभर पावलं लंगडावं लागलं, तर पचला नाही. मग सगळं बंद करायचं कारण नाही, एक पायरी खाली यायचं.

वेदना म्हणजे इजाच असं नसतं, याची एक हकीकत या विषयात सगळीकडे सांगितली जाते. स्वीडनमधल्या उमिओ शहरातले सर्जन हाकन आल्फ्रेडसन यांची स्वतःचीच कंडरा दुखत होती. ती तुटलेली नव्हती. ऑपरेशन करून घ्यायचं होतं, पण वरिष्ठांनी सुट्टी नाकारली. मग कंडरा तुटली तर ऑपरेशन करावंच लागेल, अशा विचाराने त्यांनी मुद्दाम दुखणारा व्यायाम सुरू केला: पायरीच्या कडेवर चवडा ठेवून टाच सावकाश खाली सोडायची. तुटायचं राहिलं बाजूला, दुखणं गेलं. १९९८ मध्ये त्यांनी पंधरा धावपटूंवर हाच व्यायाम दिवसाला १८० वेळा, बारा आठवडे करून घेतला. सगळे पुन्हा धावू लागले. हा व्यायाम नुकत्याच टाके घातलेल्या कंडरेसाठी नाही, हे ठळकपणे सांगायला हवं. जोड कोवळा असताना टाच पायरीखाली सोडणं म्हणजे तो लांबवणं. पण आल्फ्रेडसन यांनी सगळ्यांना दाखवून दिलं की कंडरेला भार हवा असतो.

ऑपरेशन झालेल्याची चढण अशी असते: खुर्चीत बसून टाचा उचलणं, मग भिंतीला धरून दोन्ही पायांवर, मग दोन्हींवर वर जाऊन एकावर खाली येणं, शेवटी एकाच पायावर. सगळं सावकाश, तीन सेकंद वर, तीन सेकंद खाली. यातली कोणती पायरी कोणत्या आठवड्यात चढायची ते सर्जन आणि फिजिओ ठरवतात. तुमची कंडरा तुटून जोडलेली आहे की हाडाला वाढलेला काटा काढून ती पुन्हा हाडात रोवलेली आहे, यावरही ते अवलंबून असतं. हाडात रोवलेली सहसा जास्त वेळ घेते.

शमीचे अकरा महिने

अमरोहाच्या क्रिकेटपटू मोहम्मद शमीने २०२३ चा विश्वचषक गाजवला, सात सामन्यांत २४ बळी. टाचेचं दुखणं त्यानंतर त्याला खेळू देईना. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच्या उजव्या टाचेच्या कंडरेचं ऑपरेशन झालं. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो बंगालकडून इंदूरला मध्य प्रदेशाविरुद्ध रणजी सामना खेळला आणि दोन डावांत मिळून सात बळी घेतले. सगळ्यांना वाटलं, झालं. पण डिसेंबरमध्ये क्रिकेट मंडळाने जाहीर केलं की टाच पूर्ण बरी आहे, डाव्या गुडघ्याला मात्र थोडी सूज आहे, आणि दीर्घ खंडानंतर गोलंदाजीचा भार वाढवल्यावर अशी सूज अपेक्षितच असते. भारताकडून तो पुन्हा खेळला तो जानेवारी २०२५ च्या अखेरीला, राजकोटमध्ये.

उत्तम डॉक्टर, दिमतीला फिजिओ आणि पूर्ण वेळ पायासाठी दिलेला खेळाडू, तरी ऑपरेशनपासून अकरा महिने. आणि वाटेत शेजारच्या सांध्याची तक्रार. नोकरी सांभाळून, स्कूटर चालवून, घरातली कामं करून बरं होणाऱ्याने चौथ्या महिन्यात स्वतःला मागे पडलेला समजू नये.

गोळ्या, तंबाखू आणि ऊन

दुखणं सोसून व्यायाम टाळण्यापेक्षा पॅरासिटॅमॉल घेऊन व्यायाम करणं केव्हाही बरं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तितकेच दिवस घ्याव्यात. पोट आणि मूत्रपिंड दोघांना त्या जड असतात, रक्तदाब-मधुमेहवाल्यांना तर जास्तच. ट्रॅमाडॉलची सवय लागू शकते. आणि कंडरेत स्टिरॉइडचं इंजेक्शन कुणी सुचवलं तर ऑपरेशन करणाऱ्या सर्जनला विचारल्याशिवाय घेऊ नये, त्याने कंडरा कमकुवत होऊन तुटू शकते.

झाशीच्या या बुंदेलखंडात गुटखा आणि तंबाखू घरोघरी. निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आवळतं, आणि या जागेला मुळात रक्त कमी. जखम न भरण्याचं, चिघळण्याचं ते मोठं कारण आहे. मधुमेह आटोक्यात नसेल तरी तेच होतं. वर्षभराच्या व्यायामाइतकंच हे दोन्ही महत्त्वाचं आहे.

मे महिन्यात झाशीचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो. बुटात घाम साचून जखमेची त्वचा भिजून मऊ पडते. सुती मोजे दिवसातून दोनदा बदलावेत आणि डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर बसल्या जागी बूट उघडून पाय कोरडा करावा, त्या वेळी पाऊल खाली झुकलेलंच ठेवून. मोटारसायकलला किक मारणं म्हणजे चवड्यावर हिसका, तो पहिलं वर्षभर टाळावा, बटणाने सुरू होणारी गाडी वापरावी. अचानक ब्रेक दाबायची ताकद आल्याशिवाय गाडी चालवूच नये.

वर्ष उलटत आलं आणि तरी दुखतंय

सुधारणा दुसऱ्या वर्षातही होत राहते. पण सहा महिन्यांनंतर दुखणं एकाच जागी थबकलं असेल, तर "होईल हळूहळू" म्हणून सोडून देऊ नये. एका पायावर टाच किती वेळा आणि किती उंच उचलता येते, हे दोन्ही पायांचं शेजारी शेजारी मोजून बघावं. उंचीत मोठा फरक असेल तर कंडरा लांबली असण्याची शक्यता आहे. उंची सारखी पण संख्या कमी असेल तर पोटरीच कच्ची आहे, आणि तिच्यावर अजून मेहनत घेता येते. डॉक्टरांकडे जाताना दुखण्याची जागा, वेळ आणि जात लिहून न्यावी. टाचेच्या हाडाशी दुखतंय की चार बोटं वर, चालताना की झोपेत, कळ येते की आग होते. एवढ्यावरून पुढचा तपास ठरतो, मग सोनोग्राफी किंवा एमआरआय. न विरघळणाऱ्या टाक्याची गाठ त्वचेखाली टोचते आहे, व्रण आतल्या पापुद्र्यांना चिकटला आहे, मज्जातंतूला गाठ आली आहे, अशी कारणं सापडतात आणि त्यांवर उपाय असतात.

आणि या सगळ्याआधी बूट तपासावा. जाड झालेली कंडरा पूर्वीच्याच बुटाच्या कडक मागच्या कडेवर दिवसभर घासत असते, तिथे त्वचा लाल होते, खालची पाण्याची पिशवी सुजते आणि माणूस समजतो की आतला जोड बिघडला. मागची कड मऊ असलेला, टाचेखाली थोडी उंची देणारा बूट दोन आठवडे घालून पाहावा. टाच उघडी टाकणाऱ्या सपाट चपला तोवर बाजूला ठेवाव्यात.